पदवीधर मतदारसंघात विद्यमान आमदाराची फेरनिवडणूक: सोलापुरातल्या कार्यकर्त्यांनी काम कुठून सुरू करायचं

'साहेबांना सगळे ओळखतात, सीट पक्की आहे' हे वाक्य विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात फार महाग पडतं. विधानसभेला ते कधीकधी चालून जातं, कारण तिथं यादी तयार असते. इथं यादी दर वेळी कोरी होते. मागच्या वेळी ज्यांनी आपल्या आमदाराला मत दिलं, त्यांची नावं या वेळच्या यादीत आपोआप येत नाहीत. नव्यानं फॉर्म भरला नाही, तर आमदाराचा सख्खा चाहताही मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येतो.

याच विभागातली उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. २०१४ साली विद्यमान आमदार चंद्रकांत पाटील पदवीधरमधून पुन्हा निवडून आले, पण सारंग पाटील यांच्यावरचा तो विजय अगदी थोडक्या मतांचा होता. २०२० साली शिक्षक मतदारसंघात विद्यमान आमदार दत्तात्रय सावंत यांचा जयंत आसगावकर यांनी पराभव केला. पद हातात असणं ही सोय असते, हमी नसते.

मतदारसंघाचा आवाका बघा. पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे मिळून विधानसभेच्या ५८ जागा होतात, त्यातल्या ११ सोलापूर जिल्ह्यातल्या. उमेदवार करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक घरी जाऊ शकत नाही. काम तालुक्याच्या कार्यकर्त्यानंच करायचं असतं, आणि त्यातलं मोठं काम प्रचाराच्या कितीतरी आधी संपलेलं असतं.

नोंदणीचा हंगाम

पात्रता दिनांक १ नोव्हेंबर. त्याआधी साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर सूचना निघते, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज घेतात, नोव्हेंबरअखेरीस प्रारूप यादी लागते, दावे-हरकती होतात आणि डिसेंबरअखेरीस अंतिम यादी येते. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे, आणि त्यात बहुतेक वेळा दिवाळी येते. दिवाळीला कामाची सुट्टी समजू नका. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं गावी येतात ती तेव्हाच, आणि कपाटातल्या फायलीतून पदवी बाहेर निघते तीही तेव्हाच.

पदवीधरसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. पदवीधर असलेला शिक्षक दोन्हीकडे नोंद करू शकतो, पण फॉर्म वेगवेगळे भरावे लागतात. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षं शिकवलेलं असलं पाहिजे, आणि त्यासाठी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं प्रमाणपत्र लागतं. प्राथमिक शाळेतले गुरुजी शिक्षक मतदारसंघात येत नाहीत. ते पदवीधर असतील तर नमुना १८ भरतील. हा गोंधळ दर वेळी होतो, म्हणून शाळेत जाण्याआधी कोणाला कोणता फॉर्म द्यायचा ते ठरवूनच जा.

पदवीधर म्हणून नाव नोंदवायला पात्रता दिनांकापर्यंत पदवीला तीन वर्षं झालेली असावी लागतात. त्या तीन वर्षांचा हिशेब नीट समजून घ्या. तो पदवीदान समारंभापासून नव्हे, विद्यापीठानं निकाल जाहीर केला त्या तारखेपासून धरतात. पात्रता दिनांक १ नोव्हेंबर २०२५ असेल, तर निकाल १ नोव्हेंबर २०२२ च्या आधी लागलेला हवा. २०२२ च्या उन्हाळी परीक्षेत पास झालेला आणि दिवाळीआधी निकाल हाती आलेला बसतो. त्याच वर्षीच्या हिवाळी परीक्षेतला बसत नाही. एम. ए., एम. कॉम. झालेल्यांचा हिशेबही पहिल्या पदवीपासूनच होतो. 'माझं एम. ए. आत्ताच झालं, मी बसत नाही' असं म्हणणाऱ्यांना परत पाठवू नका, त्यांचं बी. ए. कधी झालं ते विचारा.

पदवी भारतातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची चालते. सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधी इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते. पन्नाशीतले बरेच जण म्हणतात, 'माझं सर्टिफिकेट कोल्हापूरचं, इथं चालत नसेल.' चालतं. याच वयोगटात ओळखी पक्क्या असतात आणि मतदानही मनापासून होतं, म्हणून त्यांच्याकडे आधी जा.

राहण्याचं ठिकाण मात्र मतदारसंघातच हवं. हिंजवडीत नोकरी करून तिथंच राहणारा सोलापूरकर पुणे जिल्ह्यातून नाव नोंदवू शकतो, आणि मतदारसंघ तोच असल्यामुळे त्याचं मत वाया जात नाही. मुंबईत किंवा हैदराबादेत स्थायिक झालेल्याला सोलापूरचा पत्ता दाखवून घुसवू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि आमदाराचं नाव त्यात उगाच खराब होतं.

फॉर्म कुठं अडकतात

पहिली अडचण गठ्ठ्यानं अर्ज देण्याची. कार्यकर्त्यांना सवय असते ती शंभर फॉर्म गोळा करून तहसीलला नेऊन टाकायची. इथं ती चालत नाही. हातानं द्या नाहीतर पोस्टानं पाठवा, एकगठ्ठा अर्ज विचारात घेत नाहीत. दोन वाटा खुल्या आहेत. शाळा, महाविद्यालय किंवा कार्यालयाचा प्रमुख आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतो, आणि कुटुंबातला एक जण घरातल्या बाकीच्यांचे अर्ज मूळ प्रमाणपत्रं दाखवून देऊ शकतो. म्हणून याद्या माणसांच्या करू नका, घरांच्या करा. घरात चार पदवीधर असतील तर त्यांतला एक जबाबदार माणूस पकडा. बहुतेक घरांत ती सून किंवा मुलगी असते, कागद तिच्याच ताब्यात असतात.

दुसरी अडचण नावाची. बाईंच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जोडलं नाही, तर अर्ज लोंबकळतो. फॉर्म घेताना तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा: पदवी, आधार, भरलेला फॉर्म. बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवा. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावं खूप. गुणपत्रिकेवरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून यादी करणारा मराठीत काय लिहील याचा नेम नाही. बिराजदारचं बिरादार होतं, येमूलचं यमुल होतं. फॉर्मवर मराठी नाव ठळक आणि सुटं लिहा, म्हणजे निम्म्या चुका तिथंच थांबतात.

तिसरी अडचण साक्षांकनाची. पदवीची किंवा गुणपत्रिकेची प्रत राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या आणि मूळ प्रत सोबत न्या. नुसती स्वतःची सही केलेली झेरॉक्स जोडून जाऊ नका. फॉर्म दिल्यावर पोच घ्या, तिचा फोटो काढा आणि वहीत उतरवा: नाव, मोबाइल, पदवीचं वर्ष, फॉर्म दिल्याची तारीख, पोच क्रमांक. एका कार्यकर्त्याकडे पन्नासपेक्षा जास्त नावं देऊ नका. पन्नास जणांना तीन-तीनदा फोन होतो, दोनशे जणांना एकदाही नीट होत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर हे: 'मागच्या टायमाला मत दिलं होतं की वो, परत फॉर्म कशाला?' याला भाषण नको. 'काका, ती यादी संपली, आता नवी होते' एवढं सांगा आणि फॉर्म पुढं करा.

प्रारूप यादी लागली की त्याच दिवशी वही घेऊन बसा. नाव सुटलं असेल तर दावे-हरकतींच्या मुदतीत पुन्हा नमुना १८, चूक असेल तर नमुना ८. अंतिम यादीनंतरही उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव घालता येतं, पण तो आधार शेवटचा समजा.

मतपत्रिका शिकवणं

इथं मशीन नसतं, कागदी मतपत्रिका असते, आणि तिच्यावर चिन्ह नसतं. आमदाराच्या पक्षाचं चिन्ह घराघरांत माहीत असलं तरी इथं उपयोग शून्य. २०२० साली पुणे पदवीधरला साठाहून जास्त उमेदवार होते. इतक्या नावांत आपलं नाव शोधायचं म्हणजे उमेदवाराचा अनुक्रमांक, पूर्ण नाव आणि फोटो मतदाराच्या डोक्यात बसला पाहिजे. माघारीनंतर क्रमांक कळला की सगळी पत्रकं त्या क्रमांकावर बेता.

शिकलेल्या लोकांची मतं इथं हजारांनी बाद होतात, कारण बटण दाबायची किंवा शिक्का मारायची सवय. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केचपेन देतात, तोच वापरायचा. उमेदवाराच्या नावासमोरच्या चौकटीत पहिल्या पसंतीचा १ हा आकडा लिहायचा. मराठी, इंग्रजी किंवा रोमन, कुठलाही आकडा चालतो. 'एक' असा शब्द, टिक, फुली, सही, नाव, खिशातल्या पेनचा आकडा, यातलं काहीही केलं की मत बाद. दोन नावांसमोर १ लिहिला तरी बाद. बाकीच्या उमेदवारांसमोर पसंतीक्रमानं २, ३ लिहिणं ऐच्छिक आहे, पण १ नसेल तर बाकी सगळं वाया. सभेत हे बोलून दाखवू नका. कोऱ्या कागदावर चौकटी आखून प्रत्येकाच्या हातून एकदा आकडा लिहून घ्या. दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या पसंतीचं गणितही कार्यकर्त्याला यायला हवं. समजा वैध मतं १,००,००० झाली. कोटा म्हणजे निम्मे अधिक एक, ५०,००१. आमदारांना पहिल्या पसंतीची ४६,००० मिळाली, तर ते पुढे असूनही निवडून आलेले नसतात. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरच्या २ क्रमांकाप्रमाणे मतं वाटली जातात, मग त्याच्या वरचा, असं चालत राहतं. २ लिहिल्यानं आपल्या पहिल्या मताला धक्का लागत नाही, कारण पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसरी पसंती उघडतच नाही. म्हणून जो मतदार मनानं दुसऱ्याचा आहे, त्याच्याशी वाद घालू नका. 'सर, एक तुमच्या माणसाला, दोन आम्हाला' एवढंच मागा. संघटनांच्या आणि स्थानिक अपक्षांच्या मतदारांकडे हे मागणं मनापासून आणि वेळेत गेलं पाहिजे.

मतदानाच्या आदल्या रात्री वही पुन्हा उघडा. केंद्रं विधानसभेपेक्षा कितीतरी कमी असतात आणि नेहमीच्या शाळेत असतीलच असं नाही. प्रत्येकाला केंद्राचं नाव, खोली क्रमांक आणि यादीतला अनुक्रमांक मोबाइलवर पाठवा. ओळखपत्र सोबत ठेवायला सांगा आणि खिशातला पेन घरीच ठेवायला सांगा.