इंजिनचा सेन्सर घरी बदलताय? मग या चुका टाळा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, माणूस ऑनलाईन मागवलेला ब्लूटूथ डोंगल स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खुपसतो, मोबाईलवर कोड येतो, कोडपुढे कुठल्यातरी सेन्सरचं नाव असतं आणि पाचव्या मिनिटाला त्या सेन्सरची ऑर्डर गेलेली असते. पार्सल येतं, रविवारी बदलाबदली होते, सोमवारी ऑफिसला जाताना दिवा परत हजर. मग फोन येतो, "अहो, सेन्सर डुप्लिकेट निघाला बहुतेक." डुप्लिकेट नव्हता हो, तुमचा जुना सेन्सरच चांगला होता.

हे इतक्या वेळा बघून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. साधी पेट्रोल हॅचबॅक डोळ्यासमोर ठेवून वाचा, डिझेलचं शेवटी सांगतो.

कोड वाचला म्हणजे रोग कळला असं समजणं

सगळ्यात महागडी चूक ही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नसतो, त्याला दिसतो तो फक्त आपल्या पिनवरचा व्होल्टेज. पी०१३५ म्हणजे "पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे", बस एवढंच. त्या सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, कपलर (वायर जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर) आला, काही गाड्यांत रिले आला आणि या सगळ्यांसोबत सेन्सरपण आला. पंखा फिरत नाही म्हणून नवा पंखा आणायचा आणि मग कळायचं की बटणच बंद होतं, तसला प्रकार.

आमच्या भाऊजींचं सांगतो. राहायला डोंबिवलीला, गाडी उघड्या पार्किंगमध्ये, बाजूलाच सोसायटीची कचराकुंडी. दिवा लागला, स्कॅन केलं, दोन कोड आले, पी०१३५ आणि पी०१४१, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे. भाऊजींनी आधी पुढचा बदलला, साडेचार हजार. दिवा तसाच. मग मागचा बदलला, आणखी साडेचार. दिवा तसाच. मग मला फोन. मी विचारलं, "भाऊजी, दोन्ही हीटर एकाच दिवशी कसे जातील?" तर म्हणाले, "दोघं एकाच वयाचे आहेत ना!"

आता यावर काय बोलणार. बहिणीने चहा टाकलाय म्हणून गप्प बसलो आणि बोनेट उघडलं. फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं, ते वाचून फ्यूज उपटला, उजेडात धरला, तार तुटलेली. नवा घातला, गाडी चालू केली, तोही गेला. म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागतेय हे नक्की. मग टॉर्च घेऊन वायरिंगचा माग काढत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली पोळीचा वाळका तुकडा, वडापावच्या कागदाच्या चिंध्या आणि वायरिंगवरचं काळं प्लास्टिक कुरतडून बारीक चुरा केलेला. उंदीरमामांनी एक वायर इतकी सोललेली की तांबं उघडं पडून ब्रॅकेटला टेकत होतं. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), त्यावर कापडी टेप, नवा फ्यूज, दिवा बंद. फ्यूजची किंमत १० रुपये. काढलेले दोन्ही जुने सेन्सर मल्टीमीटरवर तपासले, हीटर दोघांचेही ठणठणीत. ते ९,००० रुपये कुठे गेले हे बहिणीला अजून माहीत नाही.

तेव्हा एकदम दोन-तीन कोड आले तर सेन्सर सोडा आणि त्या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे ते शोधा. फ्यूज सामाईक असतो, अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, सामाईक असते, आणि बऱ्याच सेन्सरना ईसीयूकडून येणारी ५ व्होल्टची लाईन सामाईक असते, एका सेन्सरने किंवा एका सोललेल्या वायरने ती खाली ओढली की बाकीचे बिचारे फुकट बदनाम होतात.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे म्हणू नका. आधी मोबाईलवर कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो, म्हणजे कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता ते सगळं. मग फ्यूज. मग कपलर उघडून आत बघायचं, हिरवट पावडर जमलीय का, पिन वाकलीय का, पाणी शिरलंय का. कोकणातल्या गाड्यांना तर खाऱ्या हवेने निम्मे प्रॉब्लेम इथेच सापडतात. मग इंजिन चालू ठेवून वायर हलक्या हाताने हलवायची, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून, आणि मोबाईलवर लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, बघायचा. मग मल्टीमीटर. एवढं करूनही सेन्सरवरच बोट येत असेल तर पाकिटात हात घाला. लोकांना हे सगळं कंटाळवाणं वाटतं. कारण सेन्सर बदलतानाचा व्हिडिओ टाकता येतो, फ्यूज तपासतानाचा टाकून कोण बघणार.

आकडा काय यायला हवा हे माहीत नसताना आकडा बघणं

पुण्यातल्या एका दोस्ताने मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा, मोडीत काढला होता कारण चावी ऑन, इंजिन बंद असताना तो ९५ दाखवत होता आणि व्हिडिओतला माणूस म्हणाला १०१ पाहिजे. अरे बाबा, तो माणूस समुद्राकाठी असेल! इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुणं साडेपाचशे मीटरवर आहे तिथे ९४-९५, महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. त्याचा सेन्सर अगदी बरोबर काम करत होता, चुकत होता तो दोस्त. इंजिन चालू करून आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, हाच आकडा तिशी-चाळिशीत उतरला पाहिजे, ॲक्सिलरेटर दाबला की वर पळाला पाहिजे. पळत असेल तर त्याला हात लावू नका.

कूलंट टेम्परेचर सेन्सरची तर फुकटात परीक्षा होते. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता फक्त चावी ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारीशेजारी बघा. दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत, दोन-चार डिग्री इकडेतिकडे. हवा २४ आणि कूलंट ६० दाखवत असेल तर चोर सापडला. आणि -४० दाखवत असेल तर तुमच्या कूलंटचा बर्फ झालेला नाही, सर्किट उघडं आहे, कपलर निघालाय किंवा वायर तुटलीय. अशा वेळी कपलर काढून वायरिंगकडच्या दोन पिना छोट्या वायरने क्षणभर एकमेकींना जोडून बघा, सेन्सर दोन वायरचाच असेल तरच हं. आकडा एकदम सव्वाशेच्या वर उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. नाही हलला तर वायर शोधा. काही गाड्यांचा ईसीयू अशा वेळी स्वतःच एक ठरावीक आकडा धरून बसतो आणि फॅन सुरू करतो, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

पी०४२० आला म्हणून मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलणारेही खूप. तो कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याची, तक्रार करतो, मागचा सेन्सर फक्त निरोप सांगतोय. पी०१७१ चंही तसंच, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढाच त्याचा अर्थ, आधी एअर फिल्टरनंतरचा होज फाटलाय का, कुठे सुं सुं आवाज येतोय का ते बघा.

थंड सायलेन्सरवर पान्याची पहिलवानी

ही माझी दुसरी दुखरी नस. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाईपमध्ये किंवा थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या भागात, बसवलेला असतो, आटे १८ मिलिमीटरचे, पाना लागतो २२ चा. वर्षानुवर्षं तापून आणि गार होऊन तो तिथे जणू वेल्डच झालेला असतो.

आमच्या बिल्डिंगमधला एक पोरगा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वडिलांच्या गाडीवर प्रयोग करत होता. तपासणी त्याने बरोबर केली होती, सेन्सर खरंच गेला होता. पण सकाळी सात वाजता, रात्रभर उभी असलेली गार गाडी, हातात साधा फिक्स पाना. हलेना. मग पान्याला पाईप लावला. पाना सटकला, षटकोनाचे कोपरे गोल झाले. इथे थांबला असता तरी चाललं असतं, पण आता इगो आडवा आला. छिन्नी आणि हातोडी! सेन्सर निघाला, पण येताना मॅनिफोल्डचे आटे सोबत घेऊन आला, आट्यात स्प्रिंगसारखी वळलेली पत्र्याची किनार लोंबत होती. नवा कसाबसा तिरका बसवला. गाडी फट फट करायला लागली, फटीतून हवा आत ओढली जाऊ लागली, सेन्सर म्हणू लागला पेट्रोल कमी आहे, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसला आणि अॅव्हरेज झोपलं. शेवटी मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागला, त्याने भोक मोठं करून आट्यांचा नवा बुश वेल्ड करून दिला. त्या गाडीत मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकच पीस आहे, नवा घ्यायची वेळ आली असती तर वडिलांनी पोराला घरात घेतलं नसतं.

मी कसं काढतो ते ऐका. आदल्या रात्री गार सायलेन्सरवर आट्यांच्या कडेने गंज सोडवणारा स्प्रे. सकाळी इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, पाईप हाताला चटका बसेल इतका गरम पण लालबुंद नको, जाड हातमोजे घालायचे. कपलर आधी काढून वायर मोकळी करायची. मग वायरसाठी खाच असलेली सेन्सरची गोटी, म्हणजे वरून बसणारा पोकळ पाना, लावायची, ती नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा पण फिक्स पान्याने करू नका. सैल झाला की सरसर फिरवायचा नाही, अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, कुईं असा आवाज आला की थांबायचं, स्प्रे मारायचा, चहा प्यायचा, परत यायचं. यात एक तास गेला तर जाऊ दे ना. तासाभराचा कंटाळा येणाऱ्याने बोनेटला हात लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, वाईट वाटलं तर वाटू दे.

नवा बसवताना पहिले आटे नुसत्या बोटांनी. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा अँटीसीझ पेस्ट (आटे जाम होऊ नयेत म्हणून) लावलेली येते, वर आणखी थापू नका, आणि टोकाला तर अजिबात लागू देऊ नका. आवळायला ४० ते ५० न्यूटन मीटर पुरतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

गाडीखाली शिरताना स्टेपनी बदलायच्या जॅकवर भरवसा ठेवणं. याला चूक नाही, मूर्खपणा म्हणतात. जॅक स्टँड नसेल तर काम गॅरेजला द्या.

ऑक्सिजन सेन्सरची वायर सोल्डर करणं. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरमधूनच आत जाते, सोल्डर केलं की वाट बुजते. कपलरमध्ये ग्रीस भरणंही त्याच कारणासाठी नको.

कुठलाही सिलिकॉन सीलंट लावणं. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला विष आहे, ट्यूबवर सेन्सर सेफ लिहिलेलं बघूनच घ्या.

मॅफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा, कार्ब क्लीनरने धुणं किंवा त्याची तार बोटाने पुसणं. त्याचा स्प्रे वेगळा मिळतो.

ईसीयूच्या वायरवर बल्बवाला टेस्टर लावणं. जुने मेकॅनिकही करतात, त्यांना मी सांगू शकत नाही, तुम्हाला सांगतोय, मल्टीमीटर वापरा.

गरम इंजिनवर कूलंट सेन्सर खोलणं. उकळतं कूलंट दाबाने तोंडावर येतं. गार झाल्यावरच, आणि नंतर कूलंट भरून सिस्टीममधली हवा काढायला विसरायचं नाही.

क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते सांगणारा, ठोकून बसवणं. जुनी ओ-रिंग (रबरी कडं) आत राहिलीय का बघा, बसायची जागा पुसा, इंजिन ऑइलचं एक बोट नव्या ओ-रिंगला लावा, हाताने दाबून बसतो. तसं क्रँक सेन्सरवर संशय घ्यायच्या आधी स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा, इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यावरच आहे तर सिग्नल येत नाहीये. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर गपचूप चालू होणारी गाडी असेल तर संशय आणखी पक्का.

गाडीचं मॉडेल सांगून सेन्सर विकत घेणं. एकाच मॉडेलमध्ये बीएस-४ आणि बीएस-६ (प्रदूषणाचे जुने आणि नवे नियम) चे सेन्सर वेगळे असू शकतात आणि एप्रिल २०२० च्या आगेमागे घेतलेल्या गाड्यांत तर हमखास घोळ होतो. जुना काढून त्याच्या अंगावरचा पार्ट नंबर दुकानदाराला दाखवा. फोटो चालेल, पण अंधुक नको.

कोड उडवायला बॅटरीची वायर काढून ठेवणं. कोड जातो, सोबत ईसीयूने शिकलेलं आयडल, स्टिरिओचं सेटिंग आणि तुमचा पुरावापण जातो. डोंगलनेच उडवा, तेही दुरुस्ती झाल्यावर. आणि उडवल्या उडवल्या "झालं!" म्हणून ग्रुपवर फोटो टाकू नका, काही टेस्ट ईसीयू दोन-तीन वेळा गार-गरम झाल्याशिवाय घेतच नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यातलं काहीही करायचं नाही. आणि बीएस-६ डिझेलचे नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजणारे), डीपीएफचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, प्रेशर सेन्सर वगैरे असतील तर साध्या डोंगलवर भागत नाही, काहींना बदलल्यावर कंपनीच्या स्कॅनरने ईसीयूला ओळख करून द्यावी लागते, ते काम ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्यालाच द्या, आणि काढलेला जुना सेन्सर त्याच्याकडून मागून घ्या.