इंग्लंडमध्ये आल्या आल्या स्पोर्ट्‌स पॅकेज घेऊ नका

रेडिंगला नवीन आलेलं मराठी कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं की कधी ना कधी हा विषय निघतोच: "ताई, क्रिकेट बघायला इथे काय करायचं? स्कायचं पॅकेज घ्यावं का?" (स्काय म्हणजे इथली पैसे भरून बघायच्या चॅनल्सची कंपनी.) शाळा, जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर), कौन्सिल टॅक्स यांबद्दल त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, आणि यात वर्षाला काही शे पाउंड जातात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आपल्याला दूरदर्शनची सवय असते. भारतात २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. इंग्लंडमध्येही सगळ्यांना फुकट बघता यावेत अशा सामन्यांची यादी आहे. ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक आणि विम्बल्डनच्या अंतिम लढती तिच्यात आहेत. इथले कसोटी सामनेही एके काळी तिच्यात होते. १९९८ मध्ये ते दुसऱ्या यादीत ढकलले गेले आणि त्या यादीला हमी आहे ती फक्त हायलाइट्सची. २००५ ची ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका, लोकांनी चॅनल फोरवर फुकट पाहिली. २००६ पासून इथल्या कसोट्या स्कायवर गेल्या त्या गेल्याच. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चॅनल फोरवरही दाखवला, पण असा दिवस क्वचितच येतो.

मी आले २०११ च्या सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरात लवकर अंधारून यायला लागलं, घरात बोलायला कुणी नाही, नवरा संध्याकाळी सातला परतणार. एका शनिवारी शॉपिंग सेंटरमधल्या स्टॉलवर मी डिश आणि सगळ्या स्पोर्ट्‌स चॅनल्सचा अठरा महिन्यांचा करार करून टाकला. घर जवळ आल्यासारखं वाटेल, एवढाच हिशोब होता. वेळापत्रक पाहिलंच नाही. भारताचा पुरुषांचा संघ सप्टेंबरातच इंग्लंडचा दौरा संपवून गेला होता, आणि माझा करार संपेपर्यंत तो इथे एकही सामना खेळला नाही. मधल्या काळात २०१२ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर कसोटी झाली. ती इथल्या घड्याळात पहाटे चारला सुरू व्हायची. पहिल्या दिवशी मी उठले, दुसऱ्या दिवशी अलार्म बंद करून झोपले. अठरा महिन्यांत पूर्ण दिवस बसून पाहिलेलं क्रिकेट बोटांवर मोजण्याइतकं. घराची ओढ तर तशीच राहिली.

तेव्हा सगळ्यात आधी घड्याळ बघा. उन्हाळ्यात इथली वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. भारतातली कसोटी हिवाळ्यात म्हणजे पहाटे चारला. मेलबर्नची कसोटी रात्री साडेअकराला. आयपीएलचा संध्याकाळचा सामना एप्रिल-मेमध्ये इथे दुपारी तीनला, म्हणजे कामाच्या दिवशी ऐन ऑफिसात. राहिली इंग्लंडमधली कसोटी, ती अकराला सुरू होऊन साडेसहाच्या आसपास संपते. ती बघायलाही दिवसभर घरात कुणीतरी हवं. पुढच्या वर्षभरातले भारताचे सामने कागदावर लिहा, समोर इथली वेळ लिहा, आणि खरोखर बघाल त्यांवरच खूण करा. नवरा-बायकोने वेगवेगळ्या खुणा केल्या तर आणखी चांगलं. सामना कोणत्या वाहिनीवर आहे हेही प्रत्येक मालिकेला तपासा. इंग्लंडमधले सामने स्कायवर असतात. भारतातल्या मालिकांचे हक्क मात्र हात बदलत असतात. २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात पाच कसोटी खेळला तेव्हा त्या टीएनटी स्पोर्ट्‌सवर होत्या, आणि फक्त स्काय असलेल्या आमच्या ओळखीच्या दोन घरांना हे पहिल्या सकाळी कळलं.

पॅकेजआधी एक खर्च येतो तो टीव्ही लायसन्सचा, आणि नवीन माणसं हमखास इथे चुकतात. कोणत्याही वाहिनीवर किंवा ॲपवर थेट प्रक्षेपण बघायचं असेल तर लायसन्स लागतं, मग ते लॅपटॉपवर असो की फोनवर. टीव्ही विकत घेतलेला नाही म्हणून सुटका होत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून त्याचे वर्षाला १७४.५० पाउंड पडत होते, रक्कम बदलत राहते. विनालायसन्स पकडलं गेल्यास दंड १,००० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो. शेअरिंगच्या घरात सगळ्यांचा भाडेकरार एकच असेल तर साधारणपणे एक लायसन्स पुरतं. प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल तर प्रत्येकाचं वेगळं.

रेडिओला मात्र लायसन्स लागत नाही. बीबीसीचा टेस्ट मॅच स्पेशल हा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे, आणि इथल्या कसोटीचा चेंडू न् चेंडू त्यावर ऐकता येतो. लहानपणी ट्रान्झिस्टर कानाला लावून समालोचन ऐकलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. मी तर म्हणेन, पहिला उन्हाळा त्यावरच काढा. महत्त्वाचा सामना बघायचाच असेल तर पबमध्ये जा. आपली माणसं उगीच बिचकतात. लेमनेडचा ग्लास घेऊन तुम्ही दिवसभर बसलात तरी कुणी वळून बघत नाही. फक्त आधी फोन करून क्रिकेट लावणार आहेत ना ते विचारा, नाहीतर फुटबॉल चालू असतं.

एवढं करूनही पॅकेज हवं वाटलं तर डिशची घाई करू नका. भाड्याच्या घरावर डिश लावायला घरमालकाची परवानगी लागते. फ्लॅट असेल तर इमारतीची सामायिक डिश आहे का ते विचारा. डिश आग्नेयेकडे तोंड करून लावावी लागते, समोर मोठं झाड किंवा उंच इमारत असेल तर सिग्नल मिळत नाही. स्काय आता डिशशिवाय, ब्रॉडबँडवरूनही मिळतं. लांबच्या कराराआधी कंपन्या पत तपासतात आणि नव्या माणसाची इथे पतच तयार झालेली नसते. (त्यासाठी मतदारयादीत नाव घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे आपल्याला इथे मतदानाचा हक्क आहे, हे पुष्कळांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.) फोनवर किंवा ऑनलाइन केलेला करार साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतो. दुकानात सही केली तर हा हक्क मिळेलच असं नाही. ऑफिसात कुणी "सगळी चॅनल्स फुकट" म्हणून टीव्हीला लावायची स्टिक देऊ केली तर घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि व्हिसावर असताना कायद्याशी खेळायचं नसतं.

मुलं शाळेत जायला लागली की प्रश्न फुटबॉलकडे वळतो. माझा मुलगा दुसरीत असताना सोमवारी मित्रांच्या गप्पांत गप्प बसायचा, ते मला फार लागलं होतं. पण त्यासाठी शनिवारी रात्रीचा बीबीसीवरचा मॅच ऑफ द डे हा हायलाइट्सचा कार्यक्रम पुरला. रविवारी सकाळी आम्ही तो एकत्र बघायचो. आणि पैसे भरले तरी शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत, मैदानात येणारे लोक कमी होऊ नयेत म्हणून. पॅकेज घेऊन आवडत्या क्लबचा प्रत्येक सामना दिसेल असं मुलाला कबूल करून बसू नका.

मग आम्ही पुन्हा घेतलं का? घेतलं. २०२५ च्या उन्हाळ्यात, बाबा सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आले तेव्हा. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, आणि बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. भारताच्या पाच कसोट्या २० जून ते ४ ऑगस्ट अशा होत्या. मी इंटरनेटवरचं महिन्याचं सदस्यत्व घेतलं, एकदा वाढवलं आणि मालिका संपल्यावर बंद केलं. बाबा अकराच्या आत आंघोळ-पूजा आटपून बसायचे. लंचला वरण-भात गरम करून घ्यायचे, टी-टाइमला चहा. महिलांचे सामनेही त्यातच आले. २८ जूनला, शनिवारी, नॉटिंगहॅमला स्मृती मानधनाने ११२ धावा काढल्या. गावच्या मुलीचं ते शतक बाबांनी उभं राहून पाहिलं. ते पैसे मला एकदाही जड वाटले नाहीत. म्हणून म्हणते, आईवडील येणार असतील तर तिकीट काढायच्या आधी सामन्यांचं वेळापत्रक बघा. २०२६ च्या जून-जुलैमध्ये महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक इंग्लंडमध्येच आहे, अंतिम सामना लॉर्ड्‌सवर.

इंटरनेटवरचं चित्र मागे असतं, हे तेवढं लक्षात ठेवा. ४ ऑगस्टला, सोमवारी, ओव्हलवर इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार विकेट हातात होत्या. सिराजने शेवटचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला, तेव्हा बाबांच्या पडद्यावर तो अजून धावत येत होता आणि सांगलीहून काकांचा फोन वाजत होता. बाबांनी तो उचलला नाही. चेंडू पडला, दांडी उडाली, आणि मगच त्यांनी काकांना फोन लावला.