एचपीव्ही आढळल्याचा अहवाल आल्यावर काय करावे

सोलापूर जिल्ह्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही (तेथील कर्करोगास कारण ठरू शकणारा विषाणू) आढळला की पुष्कळ घरांत लगेच ‘पिशवी काढून टाकू’ असा विचार सुरू होतो. तसा निर्णय घेण्यापूर्वी अहवाल नीट वाचून घ्यावा.

अहवालात प्रथम विषाणूचा प्रकार पाहावा. गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कर्करोग 16 आणि 18 या प्रकारांमुळे होतात, म्हणून त्यांचा उल्लेख असल्यास कॉल्पोस्कोपी (गर्भपिशवीच्या तोंडाची भिंगातून केलेली तपासणी) लांबणीवर टाकू नये. मात्र संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे, कारण बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत हा विषाणू स्वतःच आटोक्यात आणते. त्यास वेळ लागतो, याचे कारण असे की हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही आणि दाहही फारसा होऊ देत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याची चाहूल उशिरा लागते. पुढे टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) ई6 आणि ई7 या विषाणूजन्य प्रथिनांना ओळखून बाधित पेशी नष्ट करू लागल्या, तर व्रण (विषाणूमुळे पेशींत बिघाड झालेला भाग) मागे हटतो.

म्हणूनच बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सीआयएन 1 आल्यास (सीआयएन म्हणजे कर्करोगापूर्वीचा पेशींतील बिघाड; 1 सौम्य, 3 तीव्र) सहसा उपचार न करता ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासणी करावी. सीआयएन 3 असल्यास मात्र प्रतिकारशक्तीवर विसंबून राहू नये. या अवस्थेत सहसा गर्भपिशवीच्या तोंडावरील बिघडलेला भागच काढला किंवा नष्ट केला जातो, संपूर्ण पिशवी नव्हे. उपचारानंतर 12 महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी करावी.

एचआयव्हीची तपासणी झालेली नसल्यास ती संकोच न करता करून घ्यावी, कारण टी पेशी कमी झालेल्या स्त्रीत हा संसर्ग टिकून राहतो आणि व्रण लवकर वाढतो. रक्तातील एचपीव्ही प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) तपासणीवर पैसे घालवू नयेत: संसर्ग झालेल्या अनेक स्त्रियांत ती प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. लस नवा संसर्ग रोखते, असलेला व्रण बरा करीत नाही. तरी घरातील मुलींना ती अवश्य द्यावी.

त्रास नसला तरी तिशीनंतर तपासणी करावी, हे मी आग्रहाने सांगते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. फेरतपासणीला जाताना बायोप्सीचा जुना अहवाल सोबत न्यावा.