डोळा लागताना जागल: सजग स्वप्नात शिरायची रीत

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की शुद्ध राखून थेट स्वप्नात उतरायचं, असा खटाटोप करणारे बहुतेक जण पंधरा दिवसांत नाद सोडतात. चूक एकाग्रतेची नसते, वेळेची असते. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या दोन फेऱ्यांत गाढ झोपच जास्त असते आणि स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, काही मिनिटांत आटोपते. पहाटेकडे गाढ झोप कमी होत जाते आणि रेमचा टप्पा अर्ध्या तासापर्यंतही लांबतो. म्हणून सजग स्वप्नाचा, म्हणजे आपण स्वप्नात आहोत हे कळत असलेल्या स्वप्नाचा (ल्युसिड ड्रीम), हा प्रकार पहाटेच करायचा.

कुणाला हे थोतांड वाटत असेल तर एक गोष्ट सांगून ठेवू. रेममध्ये सगळं अंग लुळं पडतं, पण डोळे हलत राहतात. याचाच फायदा घेऊन १९७५ मध्ये इंग्लंडात संशोधक कीथ हर्न यांनी आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्या माणसाकडून खुणा मिळवल्या. डोळे कसे फिरवायचे ते आधी ठरलेलं होतं, तसेच ते स्वप्नातून फिरवले गेले आणि यंत्रावर त्याची नोंद झाली.

आधी दोन आठवडे फक्त वही. उशाशी वही-पेन ठेवा आणि जाग आली की अंग न हलवता स्वप्न आठवा, मग लिहा. रोज एक तरी स्वप्न हाती लागायला लागलं की पुढे जा. नाहीतर सजग स्वप्न पडूनही सकाळी कोरंच वाटेल.

आता मुख्य रात्र. साडेनऊला झोपलात तर गजर अडीचचा लावा, म्हणजे पाच तास झोप होते. फोन व्हायब्रेटवर उशीखाली ठेवा, घरातल्यांची झोप मोडायला नको. उठून लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या आणि १५ ते २० मिनिटं बाजेवर बसून वही चाळा. फोन पाहायचा नाही, चहा नाही, खर्रा तर मुळीच नाही. त्यातली तंबाखू झोप उडवते. उजेड मंद ठेवा. पण पावसाळ्यात अंगणात उतरायचं असेल तर टॉर्च लख्ख लावूनच उतरा. अंधार राखायच्या नादात साप-विंचू पायाखाली यायला नको. दहा मिनिटांहून कमी जागलात तर पडल्यापडल्या घोरायला लागाल, तासभर जागलात तर झोपच येणार नाही. ही मधली जागा ज्याची त्याला तीन-चार रात्रींत सापडते.

मग आडवे व्हा. उताणं पडणं चांगलं, घोरणाऱ्यांनी कुशीवर. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडा आणि श्वास मोजायला घ्या: ‘एक, मी स्वप्नात आहे. दोन, मी स्वप्नात आहे.’ आकडा विसरलात तर पुन्हा एकपासून. विसरणं वाईट नाही, झोप जवळ आल्याची ती खूण आहे. खाज सुटली तर खाजवा, थुंकी गिळा. दगडासारखं पडून राहिलं की स्वप्न येतं, ही समजूत चुकीची आहे. ताठ पडून माणूस फक्त अवघडतो.

लक्ष किती ठेवायचं, इथेच सगळ्यांची गाडी अडते. रानडुकरांसाठी मचाणावर जागल करणारा माणूस आडवा असतो, डोळे अर्धवट मिटलेले, पण कान वावरात असतात. तो प्रत्येक पानाच्या सळसळीला उठून धावत नाही. तेवढंच लक्ष हवं. आकड्यांवर फार जोर दिला की झोप पळते, सोडून दिलं की सकाळच होते.

पाच ते वीस मिनिटांत मिटल्या डोळ्यांपुढे ठिपके, रंग, जाळ्या दिसू लागतात, मग चेहरे आणि अर्धवट चित्रं. कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं, पाय अचानक झटका देतो, कानात मोटार चालू झाल्यासारखी घरघर होते. त्यातल्या कशाकडेही रोखून पाहू नका, चित्र विरतं. पाहुणा येऊन बसावा तसं ते येऊ द्या. चित्राला खोली आली, त्यातली बाभूळ जवळ आणि मेर लांब वाटू लागली, की मनाने हात पुढे करून बाभळीचं खोड चाचपा. खरखर जाणवली की बहुधा आत आलात.

या वेळी अंग हलत नाही आणि छातीवर ओझं वाटतं, असं काहींना होतं. गावात याला ‘भूत अंगावर बसलं’ म्हणतात. हे रेममधलं तेच लुळेपण आहे, फक्त ते शुद्धीत जाणवतं; श्वास चालूच असतो. नको वाटलं तर पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास सावकाश सोडत राहा, एक-दोन मिनिटांत सुटतं.

आत आल्यावर पहिली खात्री: नाक चिमटीत दाबून श्वास घ्या. श्वास आला तर स्वप्न. दुसरी खात्री, एस.टी.ची पाटी किंवा सातबारा दोनदा वाचा; अक्षरं बहुतेक वेळा बदलतात. दिव्याचं बटण दाबून पाहायचा, दिवा लागला नाही तर स्वप्न समजायचं, असा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितलेला असतो. आपल्याकडे तो कुचकामी आहे, इथे लाईन खरोखरच गेलेली असते. मग स्वप्न टिकावं म्हणून हात एकमेकांवर चोळा, जमिनीवर पाय दाबा. आनंदाने उडी मारली की जाग येते. पहिली काही स्वप्नं मिनिटभरही टिकत नाहीत.

ओलिताला रात्रीची लाईन असेल त्या आठवड्यात हा प्रयोग नको. झोपेला भुकेलेलं शरीर आधी गाढ झोपच ओढून घेतं, शिवाय सकाळी ट्रॅक्टर किंवा कडबा कटरवर डुलकी लागणं जिवावर बेततं. एरवीही आठवड्याला दोन रात्री पुरे. दारू घेतलेल्या रात्रीही नको. मिरगी असलेल्यांनी, भास होण्याचा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. उन्हाळ्यात कूलरची एकसुरी घरघर चालते, पण लाईन जाऊन ती थांबली की माणूस दचकतो. त्यापेक्षा मच्छरदाणी लावून धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, झोपलेलं बरं.

आणि जाग आली असं वाटेल तेव्हा सावध. बाजेवरून उठलात, तोंड धुतलं, गोठ्यात जाऊन ढोरांना वैरणही टाकली, तरी ते स्वप्नच असू शकतं. म्हणून उठल्याबरोबर, रोज, न चुकता नाक दाबून पाहा.