प्री-डॉकचा डेटा टास्क: सराव मराठवाड्याच्या आकड्यांवर करा

विकास अर्थशास्त्रातली प्री-डॉक फेलोशिप म्हणजे पीएचडीआधीचं साधारण एक-दोन वर्षांचं पगारी संशोधनकाम. गरिबीवरच्या उपायांचं संशोधन करणाऱ्या जे-पाल साउथ एशियासारख्या संस्थांत असंच काम ‘रिसर्च असोसिएट’ या नावानं निघतं, म्हणून शोधताना दोन्ही शब्द टाका.

निवडीत बऱ्याचदा डेटा टास्क, म्हणजे दिलेल्या आकड्यांवर काम करून दाखवायची चाचणी असते आणि घोडं अडतं ते फाइली जोडताना. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेचे जिल्हा तक्ते स्टाटा किंवा आर (R) या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये जोडून बघा. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. तसंच जोडलं तर परभणीची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली दिसते! २००१ चे परभणी-हिंगोली आधी एकत्र करा. साक्षरतेसाठी दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. साक्षरांची आणि सात वर्षं व त्यावरील लोकसंख्येची बेरीज करून मग भागाकार करा. जिल्ह्याच्या नावावर विसंबू नका. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय, त्यामुळे जुनी फाइल नव्या फाइलीशी नावावरून जोडली तर ओळी गळतात. कोणत्या फाइलीतला कोणता जिल्हा-क्रमांक कशाशी जुळतो याची तुलनासूची स्वतः बनवा, न जुळलेल्या ओळी मोजा आणि कारण टिपणात लिहा. परीक्षक हे टिपण बारकाईनं वाचतात.

मूळ फाइलीला हात लावू नका. सगळे बदल तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कोडमध्येच हवेत.