जुने गेम रुंद पडद्यावर, पण न ताणता

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मे महिन्याच्या एका दुपारी भाचा कूलरसमोर बसून मोटारींच्या शर्यतीचा जुना गेम खेळत होता. खेळता खेळता त्याने विचारले, "मामा, हा स्पीडचा मीटर अंड्यासारखा काऊन दिसते?" त्याने नेमका दोष हेरला होता. तो गेम 640×480 पिक्सेल रिझोल्यूशनचा, म्हणजे रुंदी आणि उंचीचे प्रमाण 4:3 असलेल्या जुन्या डबा मॉनिटरसाठी बनवलेला होता, आणि आमचा मॉनिटर 16:9 प्रमाणाचा, 1920×1080 पिक्सेलांचा आहे. असे चित्र चारही कडांपर्यंत पसरवले की त्याची रुंदी मूळ प्रमाणापेक्षा एक तृतीयांशाने वाढते, आणि मग वर्तुळाचे अंडे होते. योग्य प्रमाण राखायचे असेल तर 1080 पिक्सेल उंचीला 1440 पिक्सेल रुंदी पुरते आणि दोन्ही बाजूंना 240 पिक्सेलांचे काळे पट्टे उरतात. हे पट्टे अनेकांना खटकतात. मला ते खटकत नाहीत, कारण त्या जागेत दाखवण्यासारखे मूळ गेममध्ये काही नव्हतेच.

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी एक साधी चाचणी करून घ्यावी. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन 1024×768 करावे, पेंट उघडावे आणि शिफ्टचे बटण दाबून धरून एक मोठे वर्तुळ काढावे. नंतर घरातली फूटपट्टी पडद्याला अलगद लावून ते आडवे आणि उभे मोजावे. दोन्ही मापे सारखी आली तर यंत्रणा ठीक आहे. आडवे माप जास्त आले तर चित्र ताणले जात आहे. साडेएकवीस इंची 16:9 मॉनिटरचा पडदा साधारण 47.6 सेंटीमीटर रुंद आणि 26.8 सेंटीमीटर उंच असतो. त्यावर 4:3 चे चित्र सुमारे 35.7 सेंटीमीटर रुंद दिसायला हवे, म्हणजे प्रत्येक बाजूला जवळपास सहा सेंटीमीटरची काळी जागा उरते. प्रत्येक बदलानंतर गेम सुरू करून पाहण्यापेक्षा ही चाचणी लवकर उरकते.

लहान चित्र मोठे करण्याचे काम, म्हणजे स्केलिंग, एक तर ग्राफिक्स कार्ड करते किंवा मॉनिटर स्वतः करतो, आणि ते कोणाकडे सोपवायचे हे आपल्याला ठरवता येते. माझ्या मते ते कार्डकडेच असावे. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइज अँड पोझिशन' या पानावर 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' (रुंदी-उंचीचे प्रमाण) निवडावे, त्याखालच्या 'परफॉर्म स्केलिंग ऑन' या रकान्यात 'जीपीयू' (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) ठेवावे आणि गेमने ठरवलेला स्केलिंग मोड बाजूला सारणाऱ्या 'ओव्हरराइड'च्या चौकटीत खूण करावी. ही खूण राहून गेली तर डेस्कटॉपवर वर्तुळ गोल दिसूनही गेममध्ये ताण कायम राहू शकतो. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या विभागात 'जीपीयू स्केलिंग' सुरू करून 'प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडावे. पडदा क्षणभर काळा झाला तर घाबरू नये. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्येही डिस्प्लेच्या पानावर 'स्केल' नावाचा असाच पर्याय मिळतो.

हा पर्याय दिसतच नसेल तर आधी केबल तपासावी. सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेल्या एका वापरलेल्या मॉनिटरसोबत मला जुनी व्हीजीए (अ‍ॅनालॉग) केबल मिळाली होती, आणि मी अख्खी दुपार ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात घालवली. कार्डाकडून होणारे हे स्केलिंग डीव्हीआय, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट अशा डिजिटल जोडणीवरच मिळते. व्हीजीएवाचून गत्यंतर नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'अ‍ॅस्पेक्ट', 'ओरिजिनल' किंवा '4:3' असे काही आहे का ते पाहावे. बऱ्याच मॉनिटरमध्ये ते असते, स्वस्तातल्या काहींमध्ये नसते.

ज्यांच्याकडे 1366×768 पडद्याचे जुने लॅपटॉप आहेत, त्यांना एक सोय आपोआप मिळते. 1024×768 रिझोल्यूशनचा गेम त्या उंचीत पिक्सेलला पिक्सेल बसतो, दोन्ही बाजूंना 171 पिक्सेल मोकळे राहतात आणि चित्र जराही पुसट होत नाही. मोठ्या पडद्यावर अशी स्पष्टता हवी असेल तर नव्या कार्डांमधील 'इंटीजर स्केलिंग' वापरावे. त्यात 640×480 चे चित्र बरोबर दुप्पट, म्हणजे 1280×960 होते आणि चारही बाजूंना काळी चौकट राहते.

विंडोज 98 आणि एक्सपीच्या काळातले काही गेम कार्डाच्या सेटिंगलाही जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी 'डीजीव्हूडू 2' हे मोफत साधन उपयोगी पडते. त्याच्या 'एमएस' फोल्डरमधील 'एक्स86' या उपफोल्डरातल्या फाइल आणि त्याचे कंट्रोल पॅनेल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि 'जनरल' टॅबमध्ये स्केलिंग मोड 'स्ट्रेच्ड, कीप अ‍ॅस्पेक्ट रेशो' असा करावा. गेम सुरू झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात त्या साधनाचे चिन्ह दिसले की ते काम करत आहे असे समजावे. नंतर ते चिन्ह 'डायरेक्टएक्स' टॅबमधून बंद करता येते.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरील गेमचे प्रकरण जरा निराळे आहे. त्यांतले पुष्कळ गेम 320×200 चे असतात. हा आकडा भागून पाहिला तर प्रमाण 16:10 येते, आणि त्यामुळे हे गेम मुळातच रुंद पडद्याचे होते असा अनेकांचा समज होतो. वस्तुस्थिती अशी की त्या काळचा मॉनिटर हेच चित्र 4:3 च्या काचेवर पसरवत असे, म्हणून प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा 1.2 पट उंच दिसे आणि चित्रकारांनी माणसे व इमारती त्याच हिशेबाने रंगवलेल्या असत. चौरस पिक्सेलांनी दाखवल्यास तीच माणसे बुटकी दिसतात. डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स 0.74 मध्ये हे प्रमाण दुरुस्त करण्याची सोय मुळात बंद असते. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'रेंडर' विभागात 'अ‍ॅस्पेक्ट' या ओळीपुढे 'ट्रू' लिहावे, आणि 'एसडीएल' विभागात 'आउटपुट'पुढे 'ओपनजीएल' व 'फुलरिझोल्यूशन'पुढे 'डेस्कटॉप' लिहावे. अर्थातच हे सर्व शब्द फाइलमध्ये रोमन लिपीतच टाइप करायचे आहेत. जुने साहस-गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएममध्ये हेच काम ग्राफिक्सच्या टॅबमधील एका खुणेने होते.

काळे पट्टे कोणत्याही परिस्थितीत नकोच असतील तर त्या गेमला खरोखरीचे रुंद दृश्य दाखवता येते का हे शोधावे लागते, आणि ते गेमगणिक बदलते. 1999 च्या क्वेक 3 अरेनामध्ये कन्सोल (आज्ञा टाइप करण्याची चौकट) उघडून 'आर_मोड' उणे 1, 'आर_कस्टमविड्थ' 1920 आणि 'आर_कस्टमहाइट' 1080 असे भरून 'व्हिड_रीस्टार्ट' दिले की गेम पूर्ण पडद्यावर येतो. मात्र दृश्याचा आडवा कोन ठरवणारे 'सीजी_एफओव्ही' 90 वरच ठेवले तर बाजूंना जास्तीचे काही दिसत नाही, उलट वरचे आणि खालचे दृश्य कापले जाते. ते 106 केल्यावर उभे दृश्य पूर्वीइतके राहून बाजूंचे वाढते. एवढे करूनही पडद्यावरचे आकडे आणि चिन्हे ताणलेलीच राहतात, कारण ती गेममध्ये 640×480 च्या हिशेबानेच मांडलेली आहेत.