सतरा वर्षांनी येणारे सिकाडा ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्व भागात 17 वर्षे जमिनीखाली वाढून एकाच हंगामात बाहेर पडणाऱ्या मॅजिसिकाडा या सिकाडा (झाडांवर बसून मोठ्याने आवाज करणारे कीटक) प्रजातीच्या तीन जाती आहेत: सेप्टेनडेसिम, कॅसिनी आणि सेप्टेनडेक्युला. या जाती एकाच रानात एकत्र सापडतात, त्यामुळे नोंदींमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ पाठीचे छायाचित्र घेणे. काळी पाठ, लाल डोळे, पंखांच्या नारिंगी शिरा, एवढेच नव्हे तर पंखाच्या टोकाजवळची 'डब्ल्यू'सारखी खूणही तिन्ही जातींत असते. जातीची खरी खूण पोटावर आहे. म्हणून कीटक दोन्ही बाजूंनी अलगद धरून उलटा करावा. सेप्टेनडेसिमच्या उदराच्या खालच्या बाजूस रुंद नारिंगी पट्टे दिसतात, सेप्टेनडेक्युलामध्ये प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेपुरती अरुंद नारिंगी रेघ असते, तर कॅसिनीचे पोट जवळजवळ पूर्ण काळे असते.

मात्र पट्ट्यांवरच थांबू नये. सेप्टेनडेक्युलाच्या रेघा फिकट असल्या की ती कॅसिनी वाटते, आणि हा घोटाळा नुसत्या छायाचित्रावरून सोडवणे अवघड असते. अशा वेळी नराचा आवाज ऐकून खात्री करून घेणे उत्तम. सेप्टेनडेसिमची शंका असेल, तर डोळा आणि पंखाचे मूळ यांच्यामधली जागा बाजूने, चांगल्या उजेडात पाहावी. तेथे नारिंगी डाग असल्यास तो सेप्टेनडेसिम. उरलेल्या दोघांत ती जागा काळी असते.

आकारावर भिस्त ठेवू नये. सेप्टेनडेसिम सहसा मोठा असतो, पण एकेका कीटकाच्या मापावरून निर्णय देणे धोक्याचे आहे. नुकतीच कात टाकलेला कीटक पांढुरका असतो. त्याचा रंग पक्का होईपर्यंत काही तास थांबावे. क्वचित राखाडी किंवा निळसर डोळ्यांचे कीटक आढळतात, तीही वेगळी जात नव्हे.

13 वर्षांनी येणाऱ्या जातींबाबत अधिक सावध राहावे लागते. त्यांतील ट्रेडेसिमचे पोट जवळजवळ संपूर्ण नारिंगी असते, परंतु निओट्रेडेसिम आणि सेप्टेनडेसिम यांच्या शरीरात भेद करता येत नाही. त्यांची ओळख स्थळ आणि वर्षावरून ठरते. 2024 मध्ये इलिनॉय राज्यात 13 आणि 17 वर्षांचे दोन्ही समूह एकाच हंगामात बाहेर पडले. त्यांच्या सीमेवरच्या भागातील नोंदीत निओट्रेडेसिम आणि सेप्टेनडेसिम ही दोन्ही नावे पर्याय म्हणून लिहावीत आणि पोटाचे छायाचित्र सोबत जोडावे.